.२२ राउंडची रिम मोजून वर्गवारी : संभाजीनगरच्या रेंजवरच्या नोंदी

५ जानेवारी २०२५

आजपासून कामाला सुरुवात. क्लबकडे सराव दर्जाचे .२२ एलआर (लाँग रायफल) राउंड म्हणजे काडतुसे आहेत, सगळी एकाच लॉटची, म्हणजे कारखान्यात एकाच खेपेत बनलेली. बेंचवरून ५० मीटरला दहा राउंडचे ग्रुप (सर्वांत लांबच्या दोन छिद्रांतले अंतर) साधारण २० ते २५ मिमीचे पडतात आणि अधूनमधून एखादा राउंड नवाच्या रिंगबाहेर जातो, बहुतेक वेळा खाली. असे भरकटलेले राउंड म्हणजे फ्लायर. ते राउंडमधल्या दोषामुळे पडतात का, आणि रिमची (पितळी केसच्या बुडाच्या कडेची) जाडी आधीच मोजून असे राउंड वेगळे काढता येतील का, एवढेच तपासायचे आहे.

हिशोब डोक्यात राहावा म्हणून आकडे लिहून ठेवतो. ५० मीटर रायफलच्या टार्गेटवर दहाची रिंग १०.४ मिमी व्यासाची आहे आणि पुढची प्रत्येक रिंग त्रिज्येत ८ मिमीने वाढते. गोळी ५.६ मिमीची आणि रेषेला शिवली तरी गुण मिळतो, म्हणून गोळीचे केंद्र मध्यापासून ८ मिमीच्या आत असले की दहा. मध्य ते मध्य १६ मिमीचा ग्रुप नेमका मधोमध बसला तर सगळे दहा मिळू शकतात, २३ मिमीच्या ग्रुपला मात्र तो कितीही नीट बसवला तरी मिळत नाहीत. फायनलमध्ये गुण दशांशात मोजतात, तिथे ०.१ गुण म्हणजे ०.८ मिमी. स्वप्निल कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये थ्री पोझिशनचे (गुडघ्यावर, पडून आणि उभे राहून) ब्राँझ ४५१.४ गुणांवर घेतले, त्यातला प्रत्येक दशांश असाच मोजलेला आहे. तेव्हापासून आमच्याकडे ५० मीटरला येणारी मुले वाढली. राउंड तेवढेच आहेत, म्हणून आहेत त्यांतून जास्तीत जास्त काढायचे.

मोजणीचे नियम आधीच ठरवले. क्लबच्या परवान्यावरचे राउंड क्लबच्या शस्त्रागारातच मोजायचे, आर्मरर (शस्त्रागार सांभाळणारा) समोर असताना, नोंदवहीत सही करून. एकही राउंड घरी न्यायचा नाही. .२२ मध्ये पेटणारा मसाला रिमच्या घडीत असतो, त्यामुळे रिम पकडीत दाबायची नाही, घासायची नाही, टेबलावर टोकायची नाही. टेबलावर जाड फेल्ट, डोळ्यांवर चष्मा, एका वेळी टेबलावर ५० राउंड, त्याहून जास्त नाहीत. राउंड उघडून दारू मोजणे हा या कामाचा भाग नाही.

९ जानेवारी

पहिला प्रयत्न डिजिटल व्हर्नियरवर. राउंडवर छोटी कॉलर (मधे भोक असलेला गोल तुकडा) चढवायची, कॉलर आणि रिम मिळून माप घ्यायचे आणि कॉलरची उंची वजा करायची. वीस राउंड दोनदा मोजले, तर त्याच राउंडच्या दोन मापांत ०.०४ मिमीपर्यंत फरक निघाला.

रिमची जाडी ०.९१ ते १.०९ मिमीच्या दरम्यान असावी असे प्रमाण आहे. एका लॉटमधला फरक त्याहून बराच कमी, ०.०६ ते ०.०८ मिमी एवढाच असतो. ज्या साधनाची स्वतःची चूक ०.०४ आहे त्याने ०.०८ चे भाग पाडता येत नाहीत. शिवाय माप स्थिर करायला जबडा दाबावा लागतो, आणि तो रिमवरच दाबला जातो. व्हर्नियर बंद. ज्यांच्याकडे फक्त व्हर्नियर आहे त्यांनी हे काम सुरूच करू नये.

१३ जानेवारी

चिकलठाणा एमआयडीसीतल्या एका लेथच्या दुकानातून पितळी कॉलर करून घेतली, २५० रुपये. राउंडची केस सुमारे ५.७ मिमी जाड असते, म्हणून ५.८० चे भोक सांगितले होते. टर्नरने ५.८ चा ड्रिल थेट मारला. भोक ५.८७ झाले, तोंडाशी आणखी फाकले आणि वरचा पृष्ठभाग दुसऱ्या सेटिंगमध्ये घेतल्याने भोकाला काटकोनात नाही. राउंड त्यात डुलतो. अर्धा फिरवला की माप ०.०२ ने बदलते.

कारागिराची चूक नाही. चित्र काढून दिले नव्हते, तोंडी सांगितले होते. पुढची कॉलर कागदावर मापे लिहूनच द्यायची.

१७ जानेवारी

संक्रांतीमुळे दुकान दोन दिवस बंद होते. आज दुसरी कॉलर मिळाली, ६५० रुपये. कोणाला करायची असेल तर कागदावर हे लिहून द्या:

ईएन-८ पोलादाचा तुकडा, बाहेरून २५ मिमी, उंची ३० मिमी. आधी ५.५ चा ड्रिल, मग बोअरिंग करून ५.८०, आरपार. वरचा पृष्ठभाग त्याच सेटिंगमध्ये घ्यायचा, चकमधून काढून उलटा लावायचा नाही. खालचा पृष्ठभाग नंतर ग्राइंड करून वरच्याला समांतर. भोकाच्या तोंडाला ०.२ मिमीचा चँफर (धार मोडून केलेला उतार), त्याहून जास्त नको.

चँफर लागतो कारण रिम आणि केस यांच्या कोपऱ्यात बारीक गोलाई असते. भोकाची धार कोरी ठेवली तर राउंड त्या गोलाईवर अडतो, रिम पृष्ठभागावर टेकतच नाही आणि सगळे राउंड जाड दिसतात. चँफर मोठा झाला तर रिमला टेकायला जागा उरत नाही. उंची ३० ठेवली, कारण पूर्ण राउंड सुमारे २५ मिमी लांब असतो. गोळीचे टोक खाली अडायला नको, ते अधांतरी लोंबले पाहिजे.

डायल गेज ०.००१ मिमीचा, वापरलेला, कंपॅरेटर स्टँडसह ४,२०० रुपयांना मिळाला. त्याला गोल टोक होते, आणि त्यात अर्धा दिवस गेला. राउंडच्या बुडावर कंपनीची खूण ठोकलेली असते. गोल टोक त्या खुणेच्या खाचेत उतरते, त्यामुळे राउंड थोडा सरकला की माप ३०-४० मायक्रॉनने (०.०३-०.०४ मिमीने) घसरते. ८ मिमी व्यासाचे सपाट टोक १८० रुपयांना आणले. रिम सात मिमीच्या जरा वर असते, म्हणजे पूर्ण बूड त्याखाली येते. सपाट टोक कॉलरच्या पृष्ठभागाला समांतर आहे की नाही हे १.०० मिमीचा स्लिप गेज (नेमक्या जाडीची पट्टी) चारही बाजूंना अर्धवट सरकवून पाहिले. एका बाजूला ६ मायक्रॉनचा फरक होता. स्टँडच्या मानेखाली पातळ शिम घातल्यावर तो २ वर आला.

१९ जानेवारी

मोजायच्या आधी मोजणी किती भरवशाची आहे ते पाहिले. वीस राउंड, प्रत्येक पाच वेळा, आधीचे आकडे झाकून ठेवून. एकाच माणसाने मोजले तेव्हा एका राउंडचे पाच आकडे ३ ते ५ मायक्रॉनमध्ये राहिले. दुसऱ्याने मोजले तर १२. कारण शोधले: दुसरा माणूस राउंड बोटाने दाबून बसवत होता, पहिला नुसता सोडत होता. आता पद्धत एकच. राउंड भोकात सोडायचा, दोन बोटांनी अर्धा फिरवायचा, हात काढायचा, प्लंजर (गेजची वरखाली होणारी दांडी) लिव्हरने हळू खाली आणायचा. प्लंजर कधीही सोडून आपटायचा नाही.

दोन गोष्टींनी माप बिघडते. पहिली म्हणजे मेण. या गोळ्यांवर मेणासारखे वंगण असते आणि ते कॉलरच्या तोंडाशी जमते. दर दहा राउंडनंतर कोरड्या मलमलने कॉलर पुसायची. गोळीवरचे मेण मात्र कधीच पुसायचे नाही, बॅरलला त्याचीच गरज असते. दुसरी गोष्ट म्हणजे ऊन. सकाळी दहाला लावलेले शून्य तीनला ८ मायक्रॉन सरकलेले होते, खिडकीतले ऊन स्टँडच्या खांबावर येत होते. टेबल आतल्या भिंतीला लावले. दर २५ राउंडनंतर स्लिप गेजवर शून्य तपासायचे, २ मायक्रॉनपेक्षा जास्त सरकले असेल तर आधीचे २५ परत मोजायचे.

२६ जानेवारी

पहिले १०० मोजायला ५० मिनिटे लागली. हात बसल्यावर शंभराला २५ मिनिटे. सलग दोनशेच्या पुढे जाऊ नये, डोळे थकले की डायलचा काटा पुढच्या मायक्रॉनवर वाचला जातो.

२ फेब्रुवारी

५०० राउंड झाले. ०.०१ मिमीचे खण केले:

०.९८ च्या खाली : ९
०.९८ ते ०.९९ : ४१
०.९९ ते १.०० : ११८
१.०० ते १.०१ : १६३
१.०१ ते १.०२ : १०४
१.०२ ते १.०३ : ४७
१.०३ आणि वर : १८

मध्येच एक ट्रे लेबल न लावता दुसऱ्यावर ठेवला गेला आणि १०० राउंड कुठल्या खणातले ते कळेना. परत मोजावे लागले. पहिल्या फेरीचे आकडे वहीत राउंडच्या क्रमाने होते म्हणून ताडून पाहता आले: ८३ त्याच खणात पडले, १७ शेजारच्या खणात, दोन खण ओलांडून एकही नाही. खण १० मायक्रॉनचा आणि मोजणीची चूक ४-५ ची, त्यामुळे काठावरचे राउंड इकडेतिकडे जाणारच. यापेक्षा बारीक खण पाडण्यात अर्थ नाही.

खरी चूक वेगळीच झाली. पाचशेच्या पाचशे मोजून टाकले, तुलनेसाठी न मोजलेले राउंड बाजूला ठेवलेच नाहीत. त्याच लॉटचे आणखी १०० आर्मररकडून लिहून घेतले.

८ फेब्रुवारी

पहिली फायरिंग चाचणी, वाया गेली.

रायफल बेंचवर, पुढे रेस्ट, मागे वाळूची पिशवी. आधी मधल्या खणातले ३० मारले, मग जाड रिमचे २०. साडेदहानंतर वारा उठला आणि जाड रिमचे ग्रुप आडवे पसरले. आता ते रिममुळे की वाऱ्यामुळे, हे सांगता येत नाही. एक खण संपवून मग दुसरा घ्यायचा ही पद्धतच चुकीची होती. ५० राउंड गेले.

९ फेब्रुवारी

पावणेसातला सुरुवात, नवाच्या आत संपवले. आधी २० राउंड बॅरल बसायला मारले, कारण बॅरल कोरडी असली किंवा आधी वेगळ्या मेणाचे राउंड मारलेले असले की पहिले दहा-वीस इकडेतिकडे जातात. मग एक ग्रुप न मोजलेल्यांचा, एक पातळ, एक मधला, एक जाड, आणि पुन्हा तोच क्रम. दहाचे तीन-तीन ग्रुप. पातळ म्हणजे ०.९९ च्या खालचे, मधले १.०० ते १.०१, जाड १.०२ च्या वरचे.

सरासरी, मध्य ते मध्य: न मोजलेले २२.६ मिमी, पातळ २३.८, मधले २०.९, जाड २२.१. ग्रुपच्या केंद्रापासून १६ मिमीच्या बाहेर गेलेले राउंड: न मोजलेल्यांत २, पातळमध्ये ३, मधल्यात एकही नाही, जाडमध्ये १.

हे आकडे पाहून खूश व्हायचे कारण नाही. एकाच खणातल्या तीन ग्रुपमध्ये १७ ते २८ असा फरक आहे, म्हणजे २०.९ आणि २२.६ मधले अंतर नुसत्या योगायोगाचेही असू शकते. तीन ग्रुपवरून वर्गवारी जिंकली असे कोणी सांगितले तर मानू नये. पण दोन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. पातळ रिमच्या ग्रुपचे केंद्र मधल्यापेक्षा २-३ मिमी खाली होते, तिन्ही वेळा. आणि पातळमधला एक राउंड उडालाच नाही. नळी टार्गेटकडे धरून ३० सेकंद थांबलो, मग बोल्ट (रायफल मागून बंद करणारा दांडा) उघडून राउंड आर्मररकडे दिला. त्याच्या जागी खणातला दुसरा मारला. रिमवर फायरिंग पिनची (राउंडवर मार देणाऱ्या दांडीची) खूण उथळ दिसते.

१५ फेब्रुवारी

वेग मोजला. क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजणारे यंत्र) नळीपासून ३ मीटरवर. पहिला तास आकडे वेडेवाकडे, काही ६०० च्या वर, काही नुसते एरर. सेन्सर उजेडातला बदल पाहून चालतो आणि फायरिंग पॉइंटवरच्या ट्यूबलाइट विजेच्या लयीत लुकलुकतात, डोळ्यांना ते कळत नाही. ट्यूब बंद करून यंत्र पत्र्याच्या पुढे मोकळ्या उजेडात सरकवले, वर पांढरा पसरट कागद लावला. मग एकही एरर नाही.

पातळ १९ राउंड: सरासरी ३१८ मीटर प्रति सेकंद, सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त यांतला फरक २१.
मधले २० राउंड: सरासरी ३२१, फरक १४.
जाड १५ राउंड: सरासरी ३२२, फरक १५.

हा हिशोब महत्त्वाचा आहे, म्हणून मांडून ठेवतो. या वेगाला गोळीला ५० मीटर जायला सुमारे ०.१६ सेकंद लागतो, तेवढ्यात ती सुमारे १२५ मिमी खाली येते. वेग १० मीटर प्रति सेकंदाने बदलला की हे पडणे साधारण साडेसहा मिमीने बदलते. पातळ आणि मधल्यात ३ चा फरक, म्हणजे टार्गेटवर २ मिमी. टार्गेटवर तेच दिसले होते. पण एकाच खणातला फरक १४ आहे, म्हणजे उभे ९ मिमी. रिम मोजून आम्ही २ मिमीच्या मागे लागलोय आणि ९ मिमी तसेच उरतात. ते रिमच्या जाडीत नाहीत. दारू कमीजास्त पडणे, मसाला रिममध्ये सारखा न पसरणे, यातून ते येतात, आणि ते बाहेरून मोजता येत नाही.

२२ फेब्रुवारी

उडालेल्या केसेस जमा करताना पिनच्या खुणा पाहिल्या. कुठे खोल, कुठे उथळ. आर्मररनी बोल्ट उघडला. आत जुने तेल सुकून गोंदासारखे झालेले आणि त्यात बारीक काळी धूळ. आमच्याकडची काळ्या मातीची धूळ उन्हाळ्यात कुठेही शिरते, आणि बोल्टमध्ये भरपूर तेल असले की तिथेच बसते. फायरिंग पिनची स्प्रिंगही नव्या स्प्रिंगशेजारी ठेवली तर आखूड दिसते.

पिन आणि बोल्टची नळी स्पिरिटने पुसून कोरडी केली, पातळ तेलाचा एक थेंब, बस. स्प्रिंग क्लबच्या साठ्यातून बदलली. तपासायला रिकाम्या चेंबरवर (राउंड बसतो त्या जागेवर) ट्रिगर ओढायचा नाही. .२२ ची पिन चेंबरच्या कडेवर आपटते आणि तिथे खड्डा पडतो. उडालेली केस आत घालून, दरवेळी थोडी फिरवून तपासायचे.

हे काम सगळ्यात आधी करायला हवे होते. रिम पातळ असली की राउंड चेंबरमध्ये मागेपुढे हलायला जास्त जागा मिळते आणि पिनचा मार थोडा वाया जातो. मार जोरकस असेल तर तेवढ्याने बिघडत नाही. मार आधीच कमजोर असेल तर पातळ राउंड नीट पेटत नाही. आम्ही राउंडमधला दोष शोधत होतो, पण त्याचा मोठा भाग रायफलमध्ये होता.

१ मार्च

पातळ राउंड संपले होते. त्याच लॉटचे दुसरे ५०० मोजले, ३ तास १० मिनिटे. पातळ ४६ निघाले.

२ मार्च

तेच अंतर, तोच क्रोनोग्राफ, साफ केलेला बोल्ट. पातळ २०: सरासरी ३२१, फरक १३. मधले २०: सरासरी ३२२, फरक १२. पातळ-मधल्यातला फरक जवळजवळ गेला, आणि मधल्यांचा स्वतःचा फरकही दोनाने कमी झाला. एकही राउंड न उडता राहिला नाही. सात तासांच्या मोजणीने जे झाले नाही ते स्पिरिटच्या अर्ध्या वाटीने झाले.

९ मार्च

वजनाने वर्गवारी. सराफ्यातून ०.००१ ग्रॅमचा छोटा काटा घेतला, १,९०० रुपये. पंखा चालू असताना आकडा थांबत नाही, पंखा बंद केला तर बसवत नाही. काट्यावर काचेचा डबा उलटा घातला. तरीही तोच राउंड आधी ३.३४८ आणि वीस मिनिटांनी ३.३५६. काटा अर्धा तास आधी चालू ठेवला आणि दर दहा राउंडला ५ ग्रॅमच्या वजनावर तपासला, तेव्हा कुठे ३ मिलिग्रॅमच्या आत आला. २०० राउंड, पाच तास. वजने ३.३१ ते ३.३८ ग्रॅम.

सर्वांत हलके २० आणि सर्वांत जड २० मारले. सरासरी वेगात १ मीटर प्रति सेकंदाचाही फरक नाही, ग्रुप सारखेच. कारण उघड आहे. गोळीच २.५९ ग्रॅमची, त्यावर पितळी केस, आणि दारू साधारण ०.०७ ग्रॅम. वजनातला २०-३० मिलिग्रॅमचा फरक शिशाचा आहे, पितळेचा की दारूचा, हे काटा सांगू शकत नाही. आपल्याला हवी ती माहिती या आकड्यात मिसळून गेलेली आहे.

दोन राउंड मात्र बाकीच्यांपेक्षा बरेच हलके निघाले. भिंगातून पाहिले तर एकाच्या गोळीला केसच्या तोंडाजवळ टवका गेलेला. तो नुसत्या नजरेनेही सापडला असता. वजन करणे बंद.

१५ मार्च

त्या टवक्यावरून हे सुचले. जाड काचेचा एक फूट बाय एक फूट तुकडा, कडा घासलेल्या, १२० रुपये. खाली पांढरा कागद, बाजूने दिवा. राउंड काचेवर हलकेच लोटायचा, रिम काचेच्या कडेबाहेर ठेवून, म्हणजे केस सपाट टेकते. गोळी केसमध्ये सरळ बसली असेल तर टोक एका जागी फिरते. वाकडी असेल तर टोक वरखाली नाचते आणि काचेवरची सावली पसरते. त्याच वेळी चेपलेले टोक, टवके, एका बाजूचे गेलेले मेण हेही दिसते. फेल्ट काचेच्या पुढे ठेवायचे, राउंड घरंगळून खाली पडायला नको.

५०० राउंड, ४० मिनिटे. ११ बाजूला निघाले. त्यातले १० मारले: ४१ मिमीचा ग्रुप. त्याच सकाळी काचेवर पास झालेल्यांचे, रिम न पाहिलेले तीन ग्रुप १८, २१, २०.

इतक्या दिवसांत पहिल्यांदा असा फरक दिसला की त्यासाठी आकडेमोड करावी लागली नाही. आमचे बहुतेक फ्लायर हेच होते. दहाचा एकच ग्रुप आहे हे खरे, पण ४१ हा आकडा या लॉटमध्ये आधी कधीच आला नव्हता.

२९ मार्च

उद्या गुढीपाडवा, रेंज बंद. आज फक्त कॉलर साफ करून तेलाचा हात देऊन ठेवली. ईएन-८ ला गंज लवकर धरतो, वापरायच्या आधी तेल पूर्ण पुसायचे, नाहीतर तेच रिमखाली मोजले जाते.

१२ एप्रिल

उन्हाने नुकसान. २०० मोजलेले राउंड दुपारभर गाडीच्या डिकीत राहिले, बाहेर ४१ अंश. मेण वितळून खोक्याच्या प्लास्टिकला लागले, गोळ्यांची एक बाजू कोरडी. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यातले ३० मारले: २७, ३१, २६ मिमी. परत मोजले तर रिमही ६ ते १० मायक्रॉन जाड दिसते, कारण मेण ओघळून रिमखाली गेले आहे. म्हणजे उन्हाळ्यात घेतलेले माप हिवाळ्यातल्या खणांशी जुळवू नका.

आता राउंड थर्माकोलच्या खोक्यात, १५० रुपये. बर्फ किंवा ओले फडके आत ठेवायचे नाही, खोके उघडल्यावर पितळेवर दव धरते. सकाळच्या गारव्यात भरून झाकण लावले की अकरापर्यंत पुरते. मोजणी एप्रिल-मेमध्ये सकाळी नऊच्या आत.

१९ एप्रिल

मॅच (स्पर्धेच्या) दर्जाचे दोन लॉट, तीच रायफल, तीच वेळ. कंपनी एकच, खोक्यावरचे नावही एकच, फक्त लॉट क्रमांक वेगळा. प्रत्येकाचे दहाचे तीन ग्रुप, आधी वीस बॅरल बसायला. एका लॉटची सरासरी १५.८, दुसऱ्याची १९.४. दोन्हीच्या रिम आधीच मोजल्या होत्या: दोन्हींचा पूर्ण फरक ०.०३ मिमीच्या आत. रिम तितक्याच सारख्या असूनही ग्रुप वेगळे, म्हणजे इथे मोजणीने काहीच ओळखता येत नाही. कुठला लॉट कुठल्या बॅरलला मानवतो हे मारूनच कळते. आणि हे उत्तर दुसऱ्या रायफलला लागू पडत नाही, क्लबच्या दुसऱ्या रायफलीत १९.४ वालाच लॉट बरा चालला.

स्पर्धेसाठी पैसे असतील तर ते इथे घालावेत: दोन-तीन लॉटचे ५०-५० घ्यायचे, मारून पाहायचे आणि जो बसला त्याचाच पूर्ण हंगामाचा साठा एकदम घ्यायचा. मॅच दर्जाच्या राउंडची रिम आम्ही यापुढे मोजणार नाही.

२६ एप्रिल

सरावाच्या लॉटसाठी आता चालू असलेली पद्धत. आधी बोल्ट: दर ५०० राउंडनंतर पिन काढून कोरडी, उन्हाळ्यात दर ३०० नंतर. मग सगळे राउंड काचेवरून. रिमचे सात खण बंद, फक्त तीन भाग: ०.९८ च्या खालचे, १.०३ च्या वरचे आणि बाकी सगळे. डायल पाहून तीन ट्रेपैकी एकात टाकायचे, आकडा लिहायचा नाही. शंभराला १२ मिनिटे. दोन्ही टोकांचे राउंड आणि काचेवर नापास झालेले स्टँडिंगच्या सरावाला आणि बॅरल बसवायला वापरतो, फेकत नाही. टवका गेलेले किंवा चेपलेले मात्र मारायचे नाहीत, ते आर्मररकडे वेगळे जमा.

खर्च: उपयोगी आलेला ५,६५० (डायल आणि स्टँड ४,२००, दुसरी कॉलर ६५०, स्लिप गेज ३५०, सपाट टोक १८०, काच १२०, खोके १५०). वाया २,१५० (पहिली कॉलर आणि काटा). स्प्रिंग क्लबची. परत सुरुवात करायची झाली तर १२० ची काच आणि स्पिरिट आधी, डायल नंतर.

३ मे

आज सकाळी या पद्धतीने निवडलेल्या सरावाच्या राउंडचे दहाचे सहा ग्रुप: १७, १९, १८, २१, १६, १९. ग्रुपच्या केंद्रापासून १६ मिमीबाहेर एकही नाही. साठपैकी साठ केसेस मोजून जमा, नोंदवहीत सही. पुढची मोजणी पावसाळ्यात, दमट हवेत मेण आणि डायल कसे वागतात ते पाहायचे आहे. स्लिप गेज तोवर सिलिका जेलच्या डबीत.